थांबण्याचा अधिकार कुणाकडे आहे?

नोव्हेंबर 2022. ज्येष्ठ अभिनेते विक्रम गोखले पुण्याच्या रुग्णालयात अत्यवस्थ होते, पण जिवंत होते. 23 तारखेच्या रात्री ते गेल्याची बातमी पसरली आणि अनेक माध्यमांनी ती चालवली. हिंदीतल्या बड्या कलावंतांनी श्रद्धांजली वाहिली. अखेर रुग्णालयात धावपळ करणाऱ्या घरच्या माणसांना सांगावं लागलं की ते अजून आहेत, उपचार चालू आहेत. गोखल्यांचं निधन झालं 26 नोव्हेंबरला.

तीन वर्षांनी, नोव्हेंबर 2025 मध्ये, धर्मेंद्र यांच्या बाबतीत हेच घडलं. 11 तारखेला माध्यमांनी ते गेल्याचं सांगून टाकलं. हेमामालिनी आणि ईशा देओल यांना जाहीरपणे खोडून काढावं लागलं. ते गेले 24 तारखेला.

दोन्ही वेळा एका फोनने काम भागलं असतं. रुग्णालयाला नाहीतर घरच्या जवळच्या माणसाला. तो फोन न करता एका जिवंत माणसाचं मरण पडद्यावर घोषित झालं. अशा चुकीला घाई म्हणून सोडून देऊ नये. हा त्या कुटुंबावर केलेला अन्याय आहे आणि तो करणाऱ्याला त्याची लाज वाटली पाहिजे.

आपण सगळा राग वृत्तनिवेदकावर काढतो, कारण चेहरा त्याचा दिसतो. राग रास्त आहे, पण अर्धाच. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या हातात नेमकं काय असतं, हेही बघायला हवं.

*

निवेदक कॅमेऱ्यासमोर बसलेला असतो. समोर टेलिप्रॉम्प्टर. एका कानात इअरपीस, आणि त्यातून पीसीआरमधल्या, म्हणजे नियंत्रण कक्षातल्या, प्रोड्युसरचा आवाज सतत चालू. पाहुणा बोलत असतो, निवेदक मान हलवत असतो, आणि त्याच वेळी कानात सूचना येत असतात: वीस सेकंद, मग ब्रेक. पाहुण्याला तोड. पुढची बातमी आधी घे.

अशात कानात येतं, "ब्रेकिंग आहे, घे." निवेदकाने विचारायला हवं की कोण सांगतंय? पण माइक चालू असतो, विचारता येत नाही. प्रोड्युसरकडेही उत्तर तयार असतं: दुसऱ्या चॅनलवर सुरू झालंय. त्या दुसऱ्या चॅनलच्या पीसीआरमध्ये तिसऱ्या चॅनलकडे बोट दाखवलेलं असतं. साखळीच्या पहिल्या टोकाला बहुतेक वेळा कुणाचं तरी ट्वीट असतं, नाहीतर व्हॉट्सअॅपवर फिरलेला निरोप. खालची लाल पट्टी एव्हाना बदललेली असते. निवेदक वाक्य उच्चारतो आणि त्याच्या तोंडून निघालं म्हणून ते खरं ठरतं.

म्हणजे ज्याच्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात, त्यालाच तो शब्द अडवण्याचा अधिकार नाही. ज्याच्याकडे अधिकार आहे, त्याचा चेहरा कुणी पाहिलेला नाही. खोटी बातमी जन्माला येते ती या फटीतून.

वृत्तनिवेदकाची कारकीर्द मोजताना लोक आवाज बघतात, उच्चार बघतात, किती मोठ्या मुलाखती घेतल्या ते बघतात. माझी कसोटी एकच आहे. खात्री होईपर्यंत हा माणूस थांबू शकला का? आणि थांबतो म्हटल्यावर त्याचं कुणी ऐकलं का?

*

या कसोटीला पुरेपूर उतरलेला माणूस आपल्याकडे होऊन गेला. सुरेंद्र प्रताप सिंह. सगळे त्यांना एस. पी. म्हणत.

1948 चा जन्म. लहानपण आणि शिक्षण कोलकात्याच्या परिसरात. टाइम्स समूहात उमेदवारीला आले ते मुंबईत, धर्मवीर भारतींच्या 'धर्मयुग'मध्ये. तिथून कोलकात्याला 'रविवार' साप्ताहिकाचे संपादक झाले आणि हिंदी पत्रकारितेला त्यांनी धूळभरल्या रस्त्यावर, गावात, पोलिस ठाण्याच्या दारात नेऊन उभं केलं. पुढे 'नवभारत टाइम्स'. जुलै 1995 मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर 'आज तक' हे रात्रीचं छोटं बातमीपत्र सुरू झालं तेव्हा संपादकही तेच आणि पडद्यावरचा चेहराही तेच.

दाढी, चष्मा, साधं बोलणं. तोपर्यंत हिंदी बातम्यांची भाषा सरकारी फाइलीतून उठून आल्यासारखी होती. एस. पी. घरात बसून सांगावं तसं सांगायचे. अमुक मंत्री काय म्हणाले एवढ्यावर न थांबता ते त्याने लोकांचं काय होणार, हे सांगायचे. काही महिन्यांत हे बातमीपत्र उत्तर भारतातल्या घराघरांत पोचलं.

सुरू होऊन दोन महिने होतात न होतात तोच 21 सप्टेंबर 1995 उजाडला. गणपती दूध पितो अशी आवई देशभर उठली. दिल्ली, मुंबई, परदेशातली देवळं, सगळीकडे दुधाची भांडी घेऊन रांगा. सुशिक्षित लोक सांगू लागले की आम्ही डोळ्यांनी पाहिलं. एखाद्या नव्या बातमीपत्रासाठी याहून सोपी संधी नव्हती. रांगा दाखवायच्या, चार भाविकांचे बाईट घ्यायचे, शेवटी 'श्रद्धेचा विषय' म्हणून हात झटकायचे. कुणी नाव ठेवलं नसतं.

एस. पीं.नी तसं केलं नाही. चपला दुरुस्त करणारा कारागीर खिळे ठोकताना चप्पल ज्यावर पालथी घालतो, ती लोखंडी तिपाई त्यांच्या बातमीपत्राने दाखवली. तिच्या टोकाला दुधाचा चमचा लावला. तिपाईसुद्धा दूध 'पिऊ' लागली. द्रवाचा पृष्ठताण चमच्यातलं दूध ओढून घेतो आणि ते पातळ धारेने खाली ओघळतं. हे दाखवायला प्रयोगशाळा लागली नाही. लोखंडाचा एक तुकडा आणि एक चमचा पुरला.

सारा देश एका बाजूला धावत असताना एक माणूस थांबला, त्याने तपासलं आणि जे दिसलं ते सांगितलं. त्याला हे का जमलं? धाडस होतंच. पण धाडसाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे बातमीपत्र त्याच्या ताब्यात होतं. कानात कुणी 'घे, घे' म्हणत नव्हतं. काय जाणार आणि काय जाणार नाही हे ठरवणारा आणि ते लोकांना सांगणारा माणूस एकच होता. चुकलं असतं तर दुसऱ्यावर ढकलता आलं नसतं.

13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला आग लागली. 59 माणसं गेली. ती बातमी एस. पीं.नी दिली. त्यानंतर काही दिवसांतच त्यांना मेंदूतल्या रक्तस्रावाने गाठलं आणि 27 जूनला ते गेले. वय 48. पडद्यावर त्यांना मिळाली जेमतेम दोन वर्षं. 'आज तक' चोवीस तासांची वाहिनी झाली ती पुढे, डिसेंबर 2000 मध्ये.

आज हिंदी वृत्तवाहिन्यांतले अनेक जण एस. पीं.चं नाव गुरू म्हणून घेतात. गुरूंची ती तिपाई किती जणांनी सांभाळली, हे त्यांनी स्वतःला विचारावं.

*

मराठीत आपल्याकडे वारसा आहे तो आवाजाचा आणि भाषेचा. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. विश्वास मेहेंदळे हे तिथले पहिले मराठी वृत्तनिवेदक. स्मिता पाटील सिनेमात जाण्याआधी इथेच बातम्या वाचायच्या. भक्ती बर्वे वाचायच्या, अनंत भावे वाचायचे. सत्तरच्या दशकात प्रदीप भिडे आले आणि पुढची जवळपास चार दशकं सात वाजताच्या बातम्या म्हणजे भिडे, असं समीकरण मराठी घरांत पक्कं झालं. 7 जून 2022 ला ते गेले तेव्हा आपल्याच घरातलं कुणी गेल्यासारखं वाटल्याचं अनेकांनी लिहिलं.

त्या पिढीची शिस्त होती. नावं नीट उच्चारायची. आकडा चुकवायचा नाही. शोकाच्या बातमीत आवाज खाली आणायचा, पण गळा काढायचा नाही. आपलं मत आवाजात मिसळायचं नाही. ऐकणाऱ्याला बातमी समजायला अर्धा क्षण द्यायचा. आजच्या कुठल्याही मराठी निवेदकाने भिड्यांचं एक जुनं बातमीपत्र ऐकावं आणि स्वतःचं कालचं ऐकावं. फरक कुणी समजावून सांगावा लागणार नाही.

पण जुन्या काळाच्या आठवणीत रमून एक गोष्ट झाकता येणार नाही. ते निवेदक वाचत तो मजकूर त्यांचा नसायचा. सरकारी माध्यमात काय जायचं आणि काय दाबायचं हे वरून ठरत असे.

याचा पुरावा म्हणजे 31 ऑक्टोबर 1984. सकाळी सव्वानऊच्या सुमारास इंदिरा गांधींवर त्यांच्याच निवासस्थानी गोळ्या झाडल्या गेल्या. बीबीसीवरून जगाला कळलं. दिल्लीत चहाच्या टपरीवर बोललं जाऊ लागलं. दूरदर्शन मात्र गप्प. संध्याकाळी सलमा सुलतान यांनी ती बातमी वाचली, तेव्हा हल्ल्याला दहा तास उलटून गेले होते. देशाच्या पंतप्रधानांचं काय झालं हे देशालाच सर्वांत शेवटी सांगितलं गेलं.

हेही थांबणंच होतं. पण खात्रीसाठी थांबणं वेगळं आणि हुकमाची वाट बघत थांबणं वेगळं. पहिल्याने प्रेक्षकाचा मान राहतो. दुसऱ्यात त्याला लहान मूल समजलं जातं. त्या दिवशी सलमा सुलतान यांच्या हातात बातमी अडवण्याचा अधिकार नव्हता, तसा ती सांगण्याचाही नव्हता. आजच्या निवेदकाला बातमी अडवता येत नाही, तेव्हाच्या निवेदकाला ती देता येत नव्हती. तेव्हाही दोर दुसऱ्याच्या हातात होता, आताही आहे. तेव्हा तो मंत्रालयात होता, आता पीसीआरमध्ये आणि त्याच्याही वर मालकाच्या केबिनमध्ये आहे.

*

मग खात्रीसाठी थांबणं प्रत्यक्षात दिसतं कसं? त्यासाठी अमेरिकेत 22 नोव्हेंबर 1963 ला जावं लागेल.

सीबीएस वाहिनीचे वॉल्टर क्रॉन्काइट. मुळात तारसंस्थेचे वार्ताहर. दुसऱ्या महायुद्धात युनायटेड प्रेससाठी त्यांनी आघाडीवरून बातम्या पाठवल्या होत्या. 1962 मध्ये ते सीबीएसच्या संध्याकाळच्या बातमीपत्राचे निवेदक झाले. पण त्यांच्या नावापुढे आणखी एक पद होतं: व्यवस्थापकीय संपादक. ते शोभेचं नव्हतं. बातमीपत्रात काय जाईल यात त्यांचा शब्द चालायचा.

डॅलसमध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बातम्या तुकड्यातुकड्यांनी येऊ लागल्या. केनेडी गेल्याचं सीबीएसच्याच बातमीदाराकडून कळलं. त्याच कंपनीच्या रेडिओने तर राष्ट्राध्यक्ष गेल्याचं जाहीर करून टाकलं. क्रॉन्काइट यांनी आलेली माहिती लपवली नाही. कोण काय सांगतंय हे त्यांनी सांगितलं, पण अधिकृत दुजोरा नाही हेही ठळकपणे सांगितलं. आणि मग अधिकृत तार हातात आली. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून वेळ सांगितली, आवंढा गिळला आणि पुढची माहिती द्यायला लागले.

रेडिओची बातमी खरीच निघाली. काही मिनिटं आधीही होती. आज साठ वर्षांनी ती कुणाला आठवते? जगाच्या लक्षात राहिला तो थांबलेला माणूस. आपल्या वाहिन्या 'सर्वप्रथम आम्ही' म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात मिरवतात, त्यांनी एवढं एक उदाहरण भिंतीवर लावावं. पहिलं कोण होतं याची नोंद फक्त स्पर्धक ठेवतात. बरोबर कोण होतं हे प्रेक्षक लक्षात ठेवतो.

आणि क्रॉन्काइट यांचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे त्यांनी मत देण्याचा हक्क जपून वापरला. 1968 मध्ये ते व्हिएतनामला स्वतः गेले, बघून आले आणि 27 फेब्रुवारीच्या कार्यक्रमाच्या शेवटी सांगितलं की हे युद्ध कोंडीत अडकलं आहे आणि वाटाघाटी हाच मार्ग उरला आहे. हे माझं मत आहे, असं सांगून ते त्यांनी दिलं. त्याला वजन आलं कारण एरवी ते मत देत नसत. रोज रात्री नऊ वाजता मत ओरडून सांगणाऱ्याच्या मताला दहा वाजता किंमत उरत नाही.

*

थांबता न आल्याची किंमत काय असते, हे मुंबईइतकं कुणाला माहीत असणार?

26 नोव्हेंबर 2008, मुंबईवरचा दहशतवादी हल्ला. ताज, ओबेरॉय, नरिमन हाउस. जवळपास साठ तास वाहिन्यांचे कॅमेरे रोखलेले. कमांडो कुठे उतरले, कुठल्या मजल्यावर गेले, सगळं थेट. सीमेपलीकडे बसलेले सूत्रधार टीव्ही बघत होते आणि आत लपलेल्या अतिरेक्यांना फोनवरून सूचना देत होते. ही संभाषणं नंतर न्यायालयासमोर आली. त्या अतिरेक्यांपैकी कसाबच्या फाशीवर शिक्कामोर्तब करताना 29 ऑगस्ट 2012 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने या थेट प्रक्षेपणावर कडक ताशेरे ओढले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या नावाखाली त्याचं समर्थन होऊ शकत नाही, असं न्यायालयाने बजावलं.

त्यानंतर मार्च 2015 मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना तिचं थेट प्रक्षेपण करायला बंदी आली. सरकारने नेमलेला अधिकारी वेळोवेळी माहिती देईल, तेवढीच दाखवायची.

नियम योग्यच आहे. पण तो करावा लागला ही वृत्तवाहिन्यांची हार आहे. खुर्चीतला माणूस 'हे दाखवायचं नाही' असं स्वतः म्हणू शकला नाही, म्हणून ते सरकारला म्हणावं लागलं. ज्या ज्या वेळी पत्रकार स्वतःला आवरत नाही, त्या त्या वेळी तो सरकारच्या हातात एक नवा नियम देत असतो. उद्या तोच नियम चांगल्या बातमीच्या आड येईल, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

*

वाहिन्यांकडे यावर एक ठरलेलं उत्तर असतं: टीआरपी. लोकांना हेच हवं, आकडे हेच सांगतात.

हे उत्तर आता चालणार नाही. ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबईत टीआरपी घोटाळ्याचं प्रकरण उघड झालं आणि बार्क या संस्थेने वृत्तवाहिन्यांचे साप्ताहिक आकडे देणं थांबवलं. मार्च 2022 पर्यंत ते बंद होते. जवळपास दीड वर्ष कुणाचा आकडा कुणाला दिसत नव्हता. या काळात आवाज खाली आला का? चर्चेतल्या आठ खिडक्यांच्या दोन झाल्या का? कुठल्या वाहिनीने निवेदकाला सांगितलं का की आता दडपण नाही, नीट तपासून सांग? काहीही बदललं नाही. म्हणजे दोष एकट्या आकड्यांचा नाही. ओरडण्याची सवय लागली आहे आणि ती सोडवत नाही.

दुसरा युक्तिवाद मोबाइलचा. लोकांना बातमी हातातल्या फोनवर आधीच कळते, मग वाहिनी मागे कशी राहील? खरं तर याच कारणासाठी वाहिनीने थांबायला हवं. अफवा फोनवर आधीच पोचली आहे. प्रेक्षक टीव्ही लावतो तो ती खरी की खोटी हे विचारायला. तिथेही अफवाच मिळाली, तर त्याने टीव्ही का लावावा? फोनशी शर्यत लावून वाहिनी कधीच जिंकणार नाही. तिला जिंकता येईल असं एकच मैदान आहे, ते म्हणजे खात्री.

*

सगळेच निवेदक असे नाहीत, हे आवर्जून सांगतो. मराठी वाहिन्यांत पूर आला की रात्रभर जागून धरणांचे विसर्ग, बंद रस्ते, सोडायची गावं धीराने सांगणारी मुलं-मुली आहेत. निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी दहा-बारा तास उभं राहून एकही आकडा न चुकवणारे आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना या लेखातली प्रत्येक ओळ माझ्याहून चांगली माहीत आहे. कॅन्टीनमध्ये ते हेच बोलतात. पण नोकरी आहे, घराचा हप्ता आहे आणि कानातला आवाज वरिष्ठाचा आहे. त्यांच्याकडून एकट्याने शौर्य दाखवण्याची अपेक्षा करणं सोपं आहे. त्यांच्या पाठीशी उभा राहील असा नियम करणं हे मालकांचं आणि संपादकांचं काम आहे.

तो नियम अवघड नाही. कुणाच्याही मृत्यूची बातमी कुटुंब, रुग्णालय किंवा पोलिस यांच्यापैकी एकाने सांगितल्याशिवाय पडद्यावर जाणार नाही. 'दुसऱ्या वाहिनीवर चालू आहे' हा दुजोरा मानला जाणार नाही. निवेदकाला पडद्यावरच 'याची अजून खात्री झालेली नाही' असं म्हणण्याचा पूर्ण अधिकार राहील आणि तसं म्हटलं म्हणून त्याच्यावर कारवाई होणार नाही. बातमी चुकली, तर ज्या वेळी ती दिली त्याच वेळी, तितक्याच मोठ्या अक्षरात, त्याच निवेदकाच्या तोंडून दुरुस्ती जाईल. एवढं एका कागदावर मावतं. महाराष्ट्रातल्या एका तरी वाहिनीने तो कागद जाहीर करावा. मी त्या वाहिनीचं याच सदरात नाव घेऊन अभिनंदन करीन.

वाहिन्यांच्या स्वनियमनाने हे होईल अशी आशा आता फार धरता येत नाही. या स्वनियमनातला एक लाख रुपयांचा दंड परिणामकारक नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये बोलून दाखवलं. जाहिरातीच्या काही सेकंदांत जो वसूल होतो, त्या दंडाला घाबरतो कोण?

म्हणून आता वाचकांकडे वळतो. तुमच्या हातात जेवढं आहे, तेवढं तरी वापरा. 2021 च्या नियमांनुसार प्रत्येक वाहिनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. तुमची तक्रार मिळाल्याची पोच 24 तासांत द्यावी लागते आणि 15 दिवसांत तिचा निकाल लावावा लागतो. समाधान झालं नाही तर वाहिनी ज्या स्वनियमन संस्थेची सदस्य असेल तिच्याकडे अपील करता येतं. वकील लागत नाही. वाहिनीचं नाव, तारीख, वेळ, काय सांगितलं आणि त्यात खोटं काय होतं, एवढं लिहिलं की पुरे. मात्र उशीर करू नका, आठवड्याच्या आत पाठवा.

सोसायटीच्या ग्रुपवर निवेदकाची टिंगल करून काहीही बदलत नाही. तारीख आणि वेळ घालून केलेल्या तक्रारीला लेखी उत्तर देणं वाहिनीला भाग आहे. पुढच्या वेळी खोटी बातमी डोळ्यांसमोरून गेली की ती पुढे पाठवू नका. घड्याळ बघा, वेळ टिपून ठेवा आणि त्याच रात्री तक्रार लिहा.